एका उडीचे पाच आठवडे

ठाण्याच्या पाचपाखाडीतली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि २०२४ च्या मे महिन्यात घर आवरायला घेतलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात चाव्या द्यायच्या होत्या. माळ्यावरून पितळेचा बंब निघाला, पाळण्याच्या दोऱ्या निघाल्या, गणपतीच्या मखराचं पिवळं पडलेलं थर्माकोल निघालं, आणि सगळ्यांत मागे, साडीच्या खोक्यात सुतळीनं बांधलेला आमचा व्हिडिओ गेम निघाला. १९९४ च्या दिवाळीत बाबांनी बोनसमधून आणलेला.

दादाची दोन्ही मुलं सुट्टीत तिथेच होती. भाचा सातवीत जाणार, भाची चौथीत. घरात दोन मोबाइल आणि एक टॅब त्यांच्या हाताशी, त्यात हवे तेवढे खेळ. मला वाटलं, जुनी वस्तू म्हणून दहा मिनिटं हाताळतील आणि ठेवून देतील. पाच आठवड्यांनी टेम्पो दारात उभा राहिला तेव्हाही दोघं त्याच्यापुढेच बसली होती.

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. माणूस कुठे अडतो, अडल्यावर काय बोलतो, पुन्हा हात लावतो की उठून जातो, हे टिपून ठेवायची सवय नोकरीनंच लावली आहे. तशीच एक वही या पाच आठवड्यांत भरली. खालचं सगळं त्या वहीतून काढलेलं आहे.

प्रश्न साधा होता. १९८५ सालचा, डावीकडून उजवीकडे पळत जाण्याचा मारिओचा हा सपाट खेळ नऊ वर्षांच्या मुलीला का धरून ठेवतो? नेहमीचं उत्तर ‘जुन्या आठवणी’ असं असतं. पण आठवणी माझ्या आणि दादाच्या. तिच्यापाशी त्यातली एकही नव्हती.

खोक्यात काय होतं

करड्या प्लास्टिकचं यंत्र, दोन रिमोट (आम्ही त्यांना रिमोटच म्हणायचो, अजूनही तोच शब्द तोंडात येतो), एक अडॅप्टर, पिवळ्या-पांढऱ्या टोकांची वायर आणि ‘९९९९ इन १’ असं छापलेली पिवळी कॅसेट. त्या ९९९९ मध्ये खरे खेळ फार तर दोन-चार डझन. बाकी सगळे तेच खेळ नाव बदलून, किंवा मधल्याच लेव्हलपासून सुरू होणारे. टँकचा खेळ, बदकं मारायचा खेळ, काँट्रा, आणि अर्थात मारिओ.

मूळ खेळाचं नाव सुपर मारिओ ब्रदर्स. क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीनं तो १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आपल्या फॅमिली काँप्युटर या यंत्रासाठी आणला. रचना शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांची, संगीत कोजी कोंडो यांचं. त्या मूळ खेळाच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. या हिशेबात आमच्यासारखी घरं धरलेलीच नाहीत, कारण आमच्याकडचं यंत्र त्या जपानी यंत्राची नक्कल होतं. १९९४ साली ठाण्यात आम्हाला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. दुकानदार त्याला टीव्ही गेम म्हणायचा, आम्हीही तेच म्हणायचो.

अख्खा खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. ३२ प्रोग्रॅमला आणि ८ चित्रांना. भाच्यानं मखराचा मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा भरला. जागा इतकी कमी, की एकच चित्र दोन कामांना वापरलंय. भाचीनं हे दुसऱ्याच दिवशी पकडलं. “आत्या, हे झुडूप म्हणजे ढगच आहे. हिरवा केलाय फक्त.” मी तीस वर्षं तो खेळ ओळखते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

कॅसेट पहिल्या झटक्यात लागली नाही. दादानं तिच्यात फुंकर मारली, लहानपणी मारायचो तशी. खरं तर फुंकरीनं काही होत नाही. कॅसेट काढून परत बसवली की टोकं नीट टेकतात, तेवढ्यानंच ती चालते, आणि तोंडातली वाफ उलट त्या धातूच्या टोकांना खराब करते. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, कापसाच्या काडीनं टोकं पुसली. काडी काळी झाली आणि कॅसेट लागली.

“हा ऐकतच नाही”

पहिले तीन दिवस खेळ दादानं आणलेल्या ४३ इंची एलईडी टीव्हीवर लावला. त्या दिवसांच्या नोंदी वाचल्या तर हे प्रकरण तिथेच संपायला हवं होतं असं वाटतं. मुलं पहिल्या खड्ड्यात पडायची, पहिल्याच गुम्बाला, म्हणजे समोरून चालत येणाऱ्या भुऱ्या शत्रूला धडकायची, चिडायची. तिसऱ्या संध्याकाळी भाच्यानं रिमोट खाली ठेवला आणि मोबाइल उचलला. वहीत त्या तीन दिवसांत एक वाक्य पुन्हा पुन्हा आलंय, दोघांच्याही तोंडचं: “हा ऐकतच नाही.” हा म्हणजे मारिओ.

मी स्वतः खेळून पाहिलं आणि मलाही पहिला खड्डा ओलांडता येईना. इथे मात्र मला शंका आली. माझे हात इतके विसरणार नाहीत. त्या खड्ड्याच्या थोडं आधी हवेत एक न दिसणारा ठोकळा आहे, त्याला डोकं लागलं की जास्तीची लाईफ मिळते. तो ठोकळा कुठे आहे ते माझ्या अंगठ्यानं मला न विचारता दाखवलं होतं. जागा आठवत होती. चुकत होती ती वेळ.

मग कामावर करते तेच केलं. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत धरून चित्रण केलं, आणि बटण दाबल्यापासून मारिओचे पाय सुटेपर्यंतची चित्रं मोजली. साधारण एक दशांश सेकंदाचा उशीर. जुन्या यंत्राचा सिग्नल आत आला की नवा टीव्ही तो आधी साठवतो, स्वतःच्या पडद्याच्या मापाला ताणतो, त्याच्यावर रंगसफाई करतो आणि मग दाखवतो. सिनेमा पाहताना हे कळतही नाही. इथे कळतं, कारण मूळ खेळ सेकंदाला ६० चित्रं दाखवतो आणि पूर्ण वेगात धावणारा मारिओ दर चित्रागणिक अडीच ठिपके पुढे जातो. एक दशांश सेकंदात सहा चित्रं, म्हणजे पंधरा ठिपके. या खेळातली वीट सोळा ठिपक्यांची असते. आम्ही जवळपास अख्ख्या विटेइतके उशिरा उडत होतो, आणि दोष आमचा नव्हता.

तळमजल्यावरच्या काकांकडे जुना २१ इंची, मागे कुबड असलेला टीव्ही होता. भंगारवाला भाव देईना म्हणून त्यांनी तो ठेवून दिला होता. दादानं आणि वॉचमननं उचलून वर आणला. अशा टीव्हीत साठवणं-ताणणं काही नाही. सिग्नल येईल तशी किरणशलाका काचेवर ओळ ओळ रेखत जाते. वायर लावली, कॅसेट तीच, मुलं तीच.

अर्ध्या तासात भाची पहिल्या झेंड्याला, म्हणजे पहिल्या लेव्हलच्या शेवटाला पोचली. आणि त्या रात्री वहीत जे लिहिलंय त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. खड्ड्यात पडल्यावर ती म्हणाली, “मी उशिरा उडी मारली.”

तीन दिवस वाक्याचा कर्ता ‘हा’ होता. आता तो ‘मी’ झाला. पुढच्या महिनाभरातल्या नोंदी चाळल्या तर जवळजवळ प्रत्येक मरणानंतर असंच वाक्य आहे. मी घाई केली. मी बटण लवकर सोडलं. मला ते बदक दिसलं होतं, तरी मी गेले. (कासवाला बदक म्हणायची आमची जुनी रीत, ते दिसतंच तसं. मुलांना कोणी शिकवलं नव्हतं, त्यांनीही तेच नाव दिलं.) माझं मत असं झालंय की खेळ टिकला त्याचं मूळ इथे आहे. चूक कोणाची ते खेळणाऱ्याला त्याच क्षणी, कोणी न सांगता कळतं, आणि कबूल करायला लाज वाटत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला दिवसातून चाळीसदा ‘माझं चुकलं’ म्हणायला लावणारी आणि तरी पुन्हा हात पुढे करायला लावणारी दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही. शाळेच्या गृहपाठात तर मुळीच नाही.

उडीची घडण

त्या उडीकडे नीट पाहायला हवं. मियामोतो यांच्याच आधीच्या, १९८१ च्या डाँकी काँगमध्ये मारिओ उडाला की उडाला. उंची ठरलेली, दिशा ठरलेली, हवेत काही करता येत नाही. इथे बटण दाबून धरलं तर उडी उंच जाते, लगेच सोडलं तर छोटी होते. आतली युक्ती अशी, की वर जाताना बटण धरलेलं असेपर्यंत गुरुत्वाकर्षण कमी ठेवलंय आणि सोडताच वाढतं. उभ्या उभ्या उडी साधारण चार विटांची, धावत आलात तर पाचेक विटांची. शिवाय हवेत असतानाही दिशेचं बटण थोडं काम करतं, म्हणजे चुकतंय हे कळल्यावर सावरायला निमिषभर मिळतं. जमिनीवर एकदम थांबता येत नाही, पाय घसरतात. वेग घेतला तर तो सांभाळावा लागतो.

म्हणजे दोनच बटणं आणि एक फुली, पण अंगठा किती वेळ टेकला याला अर्थ आहे. ढोलकीवर हात पडतो तेव्हा थाप किती दाबली यावर नाद ठरतो, तसं काहीतरी. भाची तबल्याच्या वर्गाला जाते. तिनं हे मला माझ्या आधी सांगितलं. “आत्या, हे बटण दाबायचं नसतं, ठेवायचं असतं.”

चित्रं कितीही जुनाट दिसोत, हातात येणारी ही भावना जुनी होत नाही. उलट एलईडीवर तेच चित्र जास्त मोठं आणि जास्त स्पष्ट होतं, आणि मुलं उठून गेली. एकाच घरात, एकाच आठवड्यात, बदललेली वस्तू एकच. माझ्या व्यवसायात इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

न बोलणारे मास्तर

पहिली लेव्हल, म्हणजे १-१ (पहिल्या जगातली पहिली), हिच्याबद्दल जगभर पुष्कळ बोललं गेलंय, पण ती कशी शिकवते हे मी भाचीच्या चेहऱ्यावर पाहिलं.

खेळ सुरू होतो तेव्हा मारिओ डाव्या बाजूला उभा, उजवीकडे सगळं मोकळं. कुठे जायचं हे कुठेही लिहिलेलं नाही, पण दुसरीकडे जायला जागाच नाही. चार पावलांवर एक गुम्बा समोरून चालत येतो, सावकाश. नवखा माणूस त्याला धडकून मरतो. भाचीही मेली. पण सुरुवात होऊन जेमतेम दोन सेकंद झालेली, गमावण्यासारखं काही नाही. दुसऱ्या खेपेला ती उडाली आणि डोक्यावरच्या प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला धडकली, नाणं वाजलं. पुढच्या ठोकळ्यातून मशरूम निघालं, उजवीकडे घरंगळत खाली पडलं, हिरव्या पाइपला आपटून परत तिच्याच दिशेला यायला लागलं. तिला वाटलं, हाही गुम्बा. ती घाबरून उडाली, पण वर विटांचं छत होतं, डोकं आपटून खाली आली ती थेट मशरूमवर. आणि मारिओ मोठा झाला. तिचा आ वासला. मशरूम चांगलं असतं हे तिला कोणी सांगितलं नाही, तिनं ते चुकवायचा प्रयत्न केला आणि तरी शिकली.

पुढे पाइप येतात: पहिला दोन विटांचा, दुसरा तीन, मग चार, पुन्हा चार. बटण जास्त वेळ धरल्याशिवाय तिसरा पार होत नाही. शेवटाकडे दगडी पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिल्या जोडीच्या मधल्या फटीत जमीन आहे, उडी चुकली तरी काही होत नाही. दुसरी जोडी तशीच, पण मधे खड्डा. आधी बिनधोक सराव, मग तेच खरं. आमच्या सोसायटीत सायकल शिकवताना आधी गेटच्या आत फेऱ्या आणि मग बाहेर, हा क्रम कोणीही पाळतो. पण एका अक्षराशिवाय तो क्रम पाळून घेणं फार अवघड आहे. मी रोज अशी सॉफ्टवेअरं तपासते ज्यांत सुरुवातीलाच सात खिडक्या उघडून ‘इथे दाबा, तिथे दाबा’ असं सांगतात, आणि लोक सातही न वाचता बंद करतात.

हे आपसूक झालेलं नाही. मियामोतो यांनी सांगितलंय की सुरुवातीच्या लेव्हल ते बाकीचं बरंचसं झाल्यावर करत, कारण तोवर खेळात काय काय आहे ते पक्कं झालेलं असतं. गुम्बा तर अगदी शेवटी जन्मला. आधी कासवच होतं, पण त्याच्यावर उडी मारायची आणि मग कवचाला लाथ मारायची हे दोन टप्प्यांचं काम नवख्याला जड जाईल असं वाटलं, म्हणून नुसतं चिरडता येईल असा सोपा शत्रू केला.

लेव्हली तेव्हा कागदावर चौकटींत आखल्या जात. हे कळल्यावर भाचीनं गणिताच्या चौकटीच्या वहीत १-१ काढायला घेतली, टीव्ही बंद असताना, आठवणीनं. एक चौकट एक वीट. मी नंतर ताडून पाहिलं. चारही पाइपांच्या उंच्या बरोबर होत्या.

तेच, तिथेच

ती वही मला आणखी एका गोष्टीकडे घेऊन गेली. तिला ती लेव्हल पाठ होऊ शकली, कारण ती दर वेळी तीच असते. बदक त्याच जागी, ठोकळा त्याच जागी. भाच्याच्या मोबाइलमधला त्याचा आवडता खेळही पळण्याचा आणि उड्या मारण्याचाच होता, पण त्यात वाट दर वेळी नवी तयार होते. बहिणीला तो त्यातलं काहीच शिकवू शकत नव्हता. फार तर ‘लक्ष ठेव’ म्हणायचा. मारिओत मात्र पहिल्या आठवड्यातच भाषा बदलली. “दुसऱ्या खड्ड्याच्या आधी थांब, दोन येतील.” “चौथ्या पाइपात खाली बस, आत नाणी आहेत.” वाट ठरलेली होती म्हणून ती सांगता येत होती.

नुसतं ठरलेलं असणं पुरत नाही हेही खरं. पत्त्यांत दर डावाला पानं वेगळी पडतात आणि तरी आमच्या घरात तीन पिढ्या मेंढीकोट खेळतात. पण पत्ते समोर बसलेल्या माणसांमुळे रंगतात. इथे समोर माणूस नाही, म्हणून वाटच माणसासारखी ओळखीची असावी लागते.

आणि ओळख साठत जाते. दादा ऑफिसातून आला की शर्ट न बदलता शेजारी बसायचा. १-२ मध्ये छताच्या विटांवर चढून शेवटपर्यंत गेलं की तीन पाइप मिळतात, दोन, तीन आणि चार क्रमांकाच्या जगांत नेणारे, हे त्यानं मुलांना दाखवलं तेव्हा त्याचा आवाज त्याच्या बारा वर्षांचा झाला होता. आम्हाला हे नौपाड्यातल्या एका मोठ्या मुलानं दाखवलं होतं. तोच मुलगा सांगायचा की त्या पाइपांच्या आधीच्या भिंतीतून आरपार गेलं तर न संपणारं पाण्याचं जग लागतं. आम्ही त्याला थापाड्या म्हणायचो. ते खरं आहे. भिंतीतून घुसून त्या पाइपात उतरलं की पडद्यावर जगाच्या आकड्याच्या जागी रिकामी जागा, मग उणे एक दिसतं, आणि पाण्याची एकच लेव्हल पुन्हा पुन्हा येते. तो ज्याला कोणाला भेटेल त्याला मनापासून सांगायचंय की तुझं बरोबर होतं.

आई कधीच खेळली नाही. पण पोळ्या लाटता लाटता तिला आत काय चाललंय ते कळायचं. घड्याळ १०० च्या खाली आलं की कोंडो यांची चाल एकदम जलद होते, आई आतून हाक मारायची, “पळ गं, वेळ संपत आली!” १९९४ मध्येही ती हेच ओरडायची. ही चाल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतली, व्हिडिओ गेममधलं पहिलं संगीत म्हणून. आईला सांगितलं तर म्हणाली, घ्यायलाच हवी, माझ्या कानात तीस वर्षं आहे.

खेळातले दोषही ठरलेलेच आहेत. ३-१ च्या शेवटी पायऱ्यांवरून उतरणाऱ्या कासवाच्या कवचावर योग्य जागी उडी बसली, तर ते पायरीला आपटून परत येतं, पुन्हा पायाखाली, पुन्हा, आणि लाईफ वाढत राहतात. भाच्याला हे तीन दिवसांत साधलं. तो किती तरी वेळ उडत राहिला, मग पुढे गेला, मेला, आणि खेळ तिथेच संपला. सगळ्या लाईफ गेल्या. तो रडवेला होऊन माझ्याकडे आला. मी त्याला कागदावर आठ घरं काढून दाखवली: या खान्यात आकडा १२७ च्या पुढे गेला की उणे समजला जातो, आणि उणे लाईफ म्हणजे खेळ खलास. तो बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं लाईफ मोजून घेतल्या आणि शंभराच्या आत थांबला. नोकरीत मला जी चूक शोधायचे पैसे मिळतात, तिच्याशी त्याची पहिली भेट अशी झाली.

जिथे जमलं नाही

दुसऱ्या मजल्यावरची दहावी झालेली मुलगी दोन संध्याकाळी आली. हात चांगला होता, २-१ पर्यंत गेली, आणि परत आली नाही. विचारलं तर म्हणाली, तिला स्वतःचं घर-गाव उभं करता येईल असे खेळ आवडतात. इथे सगळं कोणीतरी आधीच ठरवून ठेवलंय. जो गुण मी वर कौतुकानं सांगितला तोच तिला नको होता, आणि तिच्याशी वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

खेळ साठवून ठेवायची सोयही त्यात नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी वीज गेली तेव्हा भाचा पाचव्या जगात होता आणि सगळं पुसलं गेलं. त्या दिवशी त्यानं रिमोटला हात लावला नाही. तेव्हा मी दहा दिवस राखून ठेवलेली गोष्ट सांगितली: सगळ्या लाईफ संपून परत सुरुवातीचा पडदा आला की ए बटण धरून स्टार्ट दाबायचं, ज्या जगात मेलात त्याच जगापासून सुरू होतं. खेळात हे कुठेच लिहिलेलं नाही. वीज गेली तर याचाही उपयोग नाही, पण त्याला धीर आला. आधी न सांगण्यात माझं चुकलं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मला वाटत होतं सुरुवातीच्या लेव्हली अंगात मुरू द्याव्यात. मुरल्या खऱ्या. पण ती निवड मी त्याच्या वतीनं केली.

बत्तीस लेव्हल आहेत, आठ जगं, प्रत्येकी चार. भाचा ८-३ ला पोचला, हातोडे फेकणाऱ्या जोड्यांपाशी, आणि तिथे अडकला. मोबाइलवर त्यानं असे लोक पाहिले जे अख्खा खेळ ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत संपवतात. मला वाटलं, पाहून खचेल. त्यानं व्हिडिओ थांबवून थांबवून ८-३ चा तुकडा पाहिला. “आत्या, ते थांबतच नाहीत. मी थांबतो म्हणून हातोडा लागतो.”

भाचीनं १-४ चा किल्ला पार केला त्या दिवशी घरात जेवणं उशिरा झाली. पुलाच्या टोकाची कुऱ्हाड पकडली, राक्षस खाली पडला, आणि आतल्या मशरूमटोपीवाल्यानं सांगितलं की धन्यवाद मारिओ, पण आमची राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. दादानं वाचून अर्थ सांगितला. ती उसळली. “मग आधी नाही का सांगायचं?” आणि २-१ सुरू झाली होती म्हणून रिमोट घट्ट धरला.

चाव्या द्यायच्या आदल्या दिवशी

भाड्याचं घर कोलशेतला मिळालं. तिथे भिंतीवर एलईडीच लागणार, जुन्या टीव्हीला जागा नाही, असं आधी ठरलं होतं. दादा म्हणाला, हाच खेळ आता निन्टेन्डोच्या नव्या यंत्रावर रीतसर वर्गणी भरून मिळतो, घेऊ. भाचीनं त्याला एवढंच विचारलं, “बाबा, त्याच्यावर उडी वेळेवर लागेल ना?” दादानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, टीव्हीवर अवलंबून आहे. आधी मोजून पाहू, मग घेऊ.

तळमजल्यावरच्या काकांनी त्यांचा टीव्ही परत घेतला नाही. तेही दुसरीकडे जात होते, आणि मुलीच्या घरी तो कोणाला नको होता. सकाळी टेम्पोत सगळ्यांत आधी तोच चढला, आईच्या गोधडीत गुंडाळून. भाची खाली उभी राहून टेम्पोवाल्या दादांना सांगत होती, काच बाहेरच्या बाजूला नको, गाद्यांकडे करा, आणि वर बंब ठेवू नका.